स्टेम सेलवाल्यांनी केलेला माझा सत्कार

पुण्यात माणूस आजारी पडला की त्याला सल्ले फुकट मिळतात, आणि ते ऐकले नाहीत तर लोकांचा रागही फुकटच मिळतो. माझ्या वाट्याला दोन्ही भरपूर आले. काढे पिऊन झाले, तेलं चोळून झाली. सकाळच्या कोवळ्या उन्हात डोळे मिटून बसूनही झालं. ओळखीच्या एका बाई घरी येऊन म्हणाल्या, "मनात काही साठलंय का, ते बघा. साठलेलं बाहेर काढलं की शरीर आपोआप बरं होतं." साठलेलं होतं. ते मी त्यांना तिथल्या तिथे ऐकवलं. त्यानंतर त्या आल्या नाहीत, आणि मलाही तेवढ्यापुरतं बरं वाटलं.

मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. नाव लांबलचक, म्हणून सगळे एमएस म्हणतात. शरीराची राखण करणारी यंत्रणा आपल्याच मेंदूतल्या आणि मणक्यातल्या मज्जातंतूंना परकं समजते आणि त्यांच्यावरचं आवरण कुरतडते. तिथे सूज येते, आतल्या आत दाह होतो, आणि निरोप पोचेनासे होतात. कधी डोळा धूसर होतो, कधी पाय जड होतो, कधी बोटं बधिर होतात. सूज ओसरली की गेलेलं थोडं परत मिळतं, थोडं मिळत नाही. हे सगळं मला पुढे कळलं. आधी कळलं ते एवढंच, की माझ्या डाव्या हाताला की-बोर्ड लागत नाहीये.

सदाशिव पेठेत माझा टायपिंगचा क्लास आहे. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुलंमुली येतात, बरीचशी वर्धा, यवतमाळ, वाशीम अशा भागांतली. एका खोलीत चौघं-पाचजण राहतात, मेसचं जेवतात, आणि नोकरी लागलीच तर हाताशी असावं म्हणून टायपिंगचं प्रमाणपत्र मिळवतात. त्यांना मी पहिल्या दिवशी एकच नियम सांगते: बोटांकडे बघायचं नाही. त्या दुपारी एका मुलीला बोटांची जागा दाखवताना माझी करंगळी कुठे आहे ते मलाच बघावं लागलं. मुलीनं ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं. मला आजही त्या मुलीबद्दल माया वाटते.

तपासण्या झाल्या, मोठ्या नळकांड्यात झोपवून फोटो काढले, पाठीच्या मणक्यातून पाणी काढलं. डॉक्टरबाईंनी फिल्म उजेडावर धरून मेंदूतले पांढरे ठिपके दाखवले. मला त्यातलं काही कळलं नाही. शेजारी बाबा बसले होते, त्यांना मात्र लगेच कळलं.

धायरीच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघंच राहतो. आई जाऊन बरीच वर्षं झाली. बाबा ऐंशीच्या घरात आहेत. उभा जन्म वायरमन म्हणून काढला. अजून कुणाकडे गेले की आधी मीटरकडे बघतात, मग माणसांकडे. ते फिल्मकडे बघत म्हणाले, "म्हणजे वायरवरचं कव्हर गेलंय. शॉर्ट होतंय."

डॉक्टरबाई खूश झाल्या. "अगदी बरोबर," म्हणाल्या. हे त्यांनी म्हणायला नको होतं. बाबांच्या डोक्यात त्या दिवशी पक्कं बसलं, की ज्या अर्थी ही वायर आहे, त्या अर्थी ती बदलता येते. जन्मभर त्यांनी दुसरं काय केलं होतं? जळलेली काढायची, नवी ओढायची, वर टेप मारायची, बटण दाबून बघायचं.

माझं औषध सुरू झालं. वर्षातून दोनदा दवाखान्यात जाऊन सलाइनमधून घ्यायचं. ते राखणदारांना जरा आवरून धरतं, म्हणजे नवी सूज येत नाही. झालेलं नुकसान ते भरून काढत नाही, आणि तसा दावाही करत नाही. मला ते त्याच्या या प्रामाणिकपणासाठी आवडतं. त्याच्या जोडीला घरी रोजचा व्यायाम, खिडकीचं ग्रिल धरून. दोन-तीन वर्षांत मी इतपत सुधारले की घरात काठीशिवाय वावरते आणि बाहेर काठी घेऊन क्लासला जाते. उन्हाळ्यात हाल होतात. अंग तापलं की पाय माझं ऐकत नाहीत. संध्याकाळी कधीकधी भाजी चिरायचीसुद्धा ताकद नसते, तेव्हा आम्ही दहीभात खातो. एवढं सोडलं तर माझं बरं चाललं होतं. ते "बरं" बाबांना पुरत नव्हतं.

बाबांबरोबर नोकरीत असलेले एक गृहस्थ रोज सकाळी त्यांच्याबरोबर फिरायला असतात. त्यांनी बाबांना एक व्हिडिओ दाखवला. एका केंद्रात स्टेम सेल देतात, मूळ पेशी. आपल्याच हाडातल्या मगजातून किंवा पोटावरच्या चरबीतून त्या काढायच्या, प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि मणक्यातून आत सोडायच्या. व्हिडिओत खुर्चीवरचा माणूस पुढच्या दृश्यात बागेत फिरत होता. बाबांनी तो व्हिडिओ इतक्या वेळा बघितला, की त्याचं संगीत मला स्वयंपाकघरातून ओळखू यायला लागलं.

"नवी वायर," बाबा म्हणाले.

पुढच्या भेटीला ते डॉक्टरबाईंसमोर खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी सरळ विचारलं, "हे तुम्ही का नाही देत?"

डॉक्टरबाई वैतागल्या नाहीत. त्यांनी नीट समजावून सांगितलं. एक उपचार खराच आहे, म्हणाल्या. जड औषधांनी रोगप्रतिकारशक्ती जवळजवळ पुसून काढायची आणि आपल्याच मूळ पेशी परत देऊन ती पहिल्यापासून उभी करायची. पण तो मोठ्या रुग्णालयात, काही ठरावीक रुग्णांनाच देतात. त्यात धोका मोठा असतो आणि मला त्याची गरज नाही. व्हिडिओतला प्रकार वेगळा आहे. त्या पेशींनी सूज कमी होते का, यावर जगभर अभ्यास चालू आहे. होतही असेल. पण अजून सिद्ध झालेलं नाही. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे या आजारात तो रीतसर परवानगी असलेल्या चाचणीतच देता येतो, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. "आणि काका, यातल्या कशानेच नवी वायर पडत नाही. आग विझवायचा प्रयत्न आहे तो, एवढंच."

बाबांनी मान हलवली. दारातून बाहेर पडल्यावर मला म्हणाले, "होत असेल म्हणाल्या ना?"

मी केंद्रात फोन केला. तिथल्या मुलीनं गोड आवाजात सांगितलं, की पैसे आधी भरावे लागतील आणि पेशी देण्याआधी काही महिने चालू औषध बंद ठेवावं लागेल, नाहीतर नव्या पेशी नीट रुजत नाहीत. डॉक्टरबाईंना विचारलं, तर त्या पहिल्यांदा खुर्चीत पुढे झुकल्या. "औषध सोडलंत आणि सूज परत उसळली, तर जे जाईल ते परत येईलच याची मी खात्री देणार नाही. हात असेल, डोळा असेल, काहीही असेल." माझ्या दृष्टीनं प्रश्न तिथे संपला. जेवढं माझ्याकडे उरलं होतं तेवढं मला हवं होतं. बाबांच्या दृष्टीनं प्रश्न तिथे सुरू झाला. कारण माझ्या उरलेल्याकडे ते बघतच नव्हते, त्यांचे डोळे गेलेल्यावर लागले होते.

आम्ही महिनाभर भांडलो. मी ओरडून भांडते, बाबा न जेवता भांडतात. मी त्यांना म्हटलं, "मी स्टेम सेलच्या विरोधात नाही. उद्या खरी चाचणी निघाली आणि डॉक्टरबाई म्हणाल्या जा, तर मी रांगेत पहिली उभी राहीन. पण बागेत फिरणारा माणूस दाखवून मला कोणी औषध सोडायला सांगितलं, तर मी सोडणार नाही." त्यावर बाबा म्हणाले, "शहाणपणा खूप झाला," आणि ताट सरकवलं.

शेवटी तोडगा निघाला. केंद्रानं सदाशिव पेठेतल्या एका सभागृहात रविवारी सकाळी माहितीपर मेळावा ठेवला होता. तिथे जायचं, ऐकायचं आणि मग ठरवायचं. ऐकायला माझी हरकत नव्हती. पुण्यात रविवारी सकाळी कुठलं ना कुठलं व्याख्यान ऐकण्यात माझं बालपण गेलंय, आणखी एकानं काय बिघडणार होतं.

सभागृहाच्या दारात चहा आणि उपमा होता. एक बाई माझ्याजवळ आल्या. बरोबर पंचविशीतली मुलगी, केस मागे घट्ट बांधलेले, चेहरा उतरलेला. दाराच्या दोन पायऱ्या मी काठी टेकत चढले होते आणि आता उपम्याची बशी हातात घ्यायला काठी बाबांकडे दिली होती. त्या बाईंनी फक्त एवढंच पाहिलं, की मी उभी आहे आणि खातेय.

"तुमाले पण हेच हाय का जी? एमएस?" बोली थेट माझ्या क्लासमधल्या यवतमाळच्या मुलींची.

"हो."

"मंग तुमी तं चांगल्या चालता. किती दिवसात फरक पडला?"

मी सांगितलं, की मी इथे उपचार घेतलेले नाहीत. त्या जराशा गोंधळल्या. मुलीनं त्यांचा दंड हलकेच धरला आणि मला सांगितलं, की ती हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये आहे, चार महिन्यांपूर्वी निदान झालं. "न्यूरोलॉजिस्टनी औषध स्टार्ट करायला सांगितलंय, पण आई म्हणते आधी हे बघू. एकदा ते चालू केलं तर हे करता येत नाही ना." तेवढ्यात कार्यक्रम सुरू होत असल्याची घोषणा झाली आणि आम्ही आत गेलो.

बाबा मला पहिल्या रांगेत घेऊन गेले. तिथे आमच्या नावाची चिठ्ठी खुर्चीला लावलेली होती. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. मी बसले, बाबांनी काठी आपल्या खुर्चीखाली आडवी सारली. "पायात येते लोकांच्या," म्हणाले.

दीपप्रज्वलन झालं, स्वागतगीत झालं, पाहुण्यांचा परिचय त्या पाहुण्यांनाही लांबला असं वाटेपर्यंत झाला. मग केंद्राचे संचालक उठले. गोरेपान, शांत, उत्तम बोलणारे. त्यांनी जळलेल्या मज्जातंतूचं चित्र दाखवलं, त्याच्यावर पांघरूण घालणाऱ्या गोंडस पेशींचं चित्र दाखवलं. "शरीर स्वतःच आपलं औषध आहे" असं ते म्हणाले तेव्हा बाबांनी माझ्याकडे बघून मान डोलावली. किती जणांना गुण आला, किती जणांना आला नाही, आणि त्यातल्या किती जणांना तो तसाही आला असता, हे ते बोलले नाहीत. प्रश्न विचारायचे असतील तर चिठ्ठीवर लिहून द्यावेत, अशी सूचना झाली. मी लिहून दिला. बऱ्याच चिठ्ठ्या वाचल्या गेल्या. पथ्य काय, राहायची सोय आहे का, बरोबर कोणाला आणता येईल. माझी वाचली गेली नाही.

आणि मग निवेदकानं आवाज खाली आणला. मराठी कार्यक्रमात निवेदकाचा आवाज असा खाली आला की समजावं, आता कोणाचा तरी सत्कार आहे.

"आजाराशी झुंजणाऱ्या काही योद्ध्यांचा आपण आज सन्मान करणार आहोत," तो म्हणाला आणि त्यानं माझं नाव घेतलं.

मी बाबांकडे बघितलं. त्यांचा चेहरा फुलला होता. त्यांनी हे मुद्दाम लपवून ठेवलं होतं, मला आनंदाचा धक्का द्यायला. केंद्रातून त्यांना फोन आला होता, म्हणे. मुलगी स्वतः चालत मंचावर येईल का, एवढंच विचारलं होतं. बाबांनी अभिमानानं हो सांगितलं. आमच्या गल्लीतल्या मंडळात त्यांनी वर्षानुवर्षं शाली पांघरल्या आहेत आणि पांघरवून घेतल्या आहेत. शालीला नाही म्हणायचं असतं, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसतं. मी काठीसाठी हात पुढे केला. "राहू दे गं," ते हळूच म्हणाले, "फोटोत बरं दिसत नाही. चार पावलं तर आहेत."

मी उठले. का उठले, ते मला अजूनही नीट सांगता येत नाही. भरल्या सभागृहात नाव पुकारलं की आपली माणसं उठतात, एवढंच. चार पावलं चालले, मंचाच्या पायऱ्या बाजूचा कठडा धरून चढले, आणि मागून निवेदकाचा आवाज येत होता: "काही वर्षांपूर्वी ज्यांना उभं राहणंही कठीण झालं होतं, त्या आपल्या ताई आज, बघा, हातात काठी न घेता आपल्यासमोर येत आहेत." पाठीमागच्या पडद्यावर त्या गोंडस पेशी होत्या. टाळ्या पडल्या. त्याच्या वाक्यात एकही शब्द खोटा नव्हता. पण सभागृहातल्या प्रत्येकाला खोटंच कळलं होतं, आणि ते त्यांना माझे पाय दाखवून सांगितलं गेलं होतं.

माझ्या खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला. खाली तिसऱ्या रांगेत त्या यवतमाळकडच्या बाईंनी मुलीला कोपरानं ढोसलं. बघ, असं त्या म्हणाल्या असणार. बाहेर मी त्यांना जे सांगितलं होतं ते एका शालीनं पुसून टाकलं होतं. मुलगी माझ्याकडे बघत होती. मला इतका राग आला, की पायातली थरथर त्या रागाची की आजाराची ते कळेना.

"ताईंनी दोन शब्द बोलावेत," निवेदक म्हणाला. हे तो बोलला नसता तर सगळं निभावून गेलं असतं. पण सत्कार केला की दोन शब्द आलेच. त्यानं सवयीनं माइक माझ्यापुढे धरला.

मी नारळ टेबलावर ठेवला. "मी या केंद्रात कधीही उपचार घेतलेले नाहीत," मी म्हणाले. "मी आज चालतेय ती डॉक्टरांनी दिलेल्या साध्या औषधानं आणि रोजच्या व्यायामानं. तेच औषध मी बंद करावं असं या केंद्राचं म्हणणं आहे. मी चिठ्ठीवर एक प्रश्न दिला होता, तो आता तोंडी विचारते. हे उपचार आहेत की प्रयोग? उपचार असतील तर पुरावा दाखवा. प्रयोग असेल तर परवानगी दाखवा, आणि मग आमच्याकडून पैसे कशाचे घेता तेही सांगा."

निवेदकानं माइक हळूच मागे घ्यायला सुरुवात केली. "ताई भावुक झाल्या आहेत—"

"मी भावुक झालेले नाही," मी माइक धरून ठेवला. "मी चिडलेली आहे."

मागून कोणीतरी हसलं. संचालक उठून अतिशय सभ्यपणे म्हणाले, की हा विषय गुंतागुंतीचा आहे, त्याचं सविस्तर उत्तर प्रत्यक्ष भेटीत देता येईल.

"मी प्रत्यक्षच उभी आहे," मी म्हणाले.

शेवटच्या रांगेतून एक वृद्ध गृहस्थ उठले. "बाईंचा प्रश्न सोपा आहे. उत्तर हो किंवा नाही असं येऊ शकतं. येऊ द्या." त्यांच्या शेजारच्यानं विचारलं, की हे सगळं जेवणाच्या वेळेआधी आटपेल का. संचालक नुसते हसत उभे राहिले. मंचावरचे दिवे तापले होते, माझा उजवा पाय आता सांगून ठेवल्यासारखा बधिर व्हायला लागला होता. आणखी थोडं थांबले असते तर मी तिथे, त्या पेशींच्या चित्राखाली पडले असते, आणि तेही कोणीतरी जिद्द म्हणून खपवलं असतं. खाली पाहिलं तर बाबा मान खाली घालून बसले होते.

"बाबा," मी माइकवरूनच म्हणाले, "काठी आणा."

ते लगेच हलले नाहीत. मग वाकले, खुर्चीखालून काठी ओढून काढली आणि उठले. सगळं सभागृह त्यांच्याकडे बघत होतं. मंचाच्या पायऱ्या चढताना ते मला फार म्हातारे दिसले. माझ्या हातात काठी देताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मला त्यांची दया आली आणि तरीही मी काठी मागितली याचा मला पश्चात्ताप नव्हता. मी काठी टेकली, सगळ्यांना दिसेल अशी टेकली, शाल काढून घडी करून नारळाशेजारी ठेवली आणि खाली उतरले. टाळ्या वाजल्या नाहीत. ते बरंच झालं.

दाराशी त्या बाईंनी मला गाठलं. डोळ्यांत पाणी होतं. "तुमाले नव्हतं घ्यायचं तं नका घेऊ. आमची आशा काऊन तोडली?"

मला त्यांना उलट बोलता आलं नाही. मी मुलीकडे वळले. "उद्या तुझ्या डॉक्टरांना फोन कर. त्यांनी सांगितलेलं औषध लांबवू नकोस. बाकी काय करायचं ते नंतरही ठरवता येतं, पण मधल्या काळात जे गेलं ते आणायला कोणी जात नाही."

"मॅम, त्या औषधाने मी ठीक होईन?"

"नाही. आहेस तेवढी राहायची शक्यता वाढेल."

तिनं थोडा विचार केला. "ओके," म्हणाली. मग आईच्या हातातली पिशवी आपल्याकडे घेतली. पुढे तिनं काय केलं, मला माहीत नाही.

बाहेर रिक्षावाल्यानं धायरीला नाही म्हटलं, स्वारगेटपर्यंत सोडलं. तिथून आम्ही बस धरली. बसमध्ये पुढच्या, अपंगांसाठी राखीव जागेवर कानात इयरफोन घातलेला एक तरुण बसला होता. बाबा त्याच्यापुढे जाऊन उभे राहिले आणि खिडकीवरच्या पाटीवर त्यांनी बोट ठेवलं. "वाचता येतं ना? उठा. ही जागा हिची आहे." तरुण उठला. मी बसले, बाबा शेजारी बसले. इतक्या वर्षांत ही पाटी वाचायला बाबांनी कधी कोणाला सांगितलं नव्हतं. मला त्या जागेवर बसलेलंही त्यांना खपत नसे.

दांडेकर पूल गेल्यावर ते माझ्याशी बोलले. "माझी शोभा केलीस."

"हो," मी म्हणाले. "पण त्यांनी माझ्या पायांची जाहिरात केली. तुम्ही त्यांना ते पाय दिलेत."

"मला काय माहीत ते असं करणार."

"माहीत असतं तर नसते दिलेत?"

बस सिग्नलला थांबली, सुटली. बाबांनी गुडघ्यांवरचे हात उलटे करून बघितले. बोटांच्या पेरांवर अजून जुने चटके आहेत.

"बाबा, मला बरं करायची घाई नक्की कोणाला आहे?"

मला वाटलं होतं ते चिडतील. ते म्हणाले, "मला. मी किती दिवस पुरणार? रात्री झोपताना तेच येतं मनात. मी गेलो आणि तू बाथरूममध्ये पडलीस तर? हाक कोणाला मारशील? म्हणून म्हटलं, मी असेपर्यंत एकदा नीट उभी राहा. काठी टाक. मग मी सुटलो."

मी याआधी त्यांच्यासाठी पुष्कळ काही केलं होतं. त्यांना आवडत नाही म्हणून केस कापले नव्हते, त्यांना सोडून जायला नको म्हणून एक चांगलं स्थळ नाकारलं होतं, आणि त्यातल्या कशाचाही हिशेब मी मागितला नव्हता. त्यांनी यापेक्षा वेगळं काहीही मागितलं असतं तर त्या क्षणी मी दिलं असतं. पण त्यांनी मागितली होती ती माझी उरलेली बोटं, माझी उरलेली नजर, आणि ते स्वतःच्या शांत झोपेसाठी.

"नाही, बाबा," मी म्हणाले. "तुमच्यासाठीसुद्धा मी औषध सोडणार नाही."

"मग मी असाच जाऊ? तुला अशी बघत?"

"हो," मी म्हणाले. "असेच जा. मी पडेन, आणि उठेन. नाही उठता आलं तर कोणाला तरी हाक मारेन. पण मी असेन."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. जळलेली वायर बघतात तसं नाही, माणसाकडे बघतात तसं.

"बरं," बाबा म्हणाले. आणि आमचा थांबा जवळ आला तशी त्यांनी आधी माझी काठी माझ्या हातात दिली, मग स्वतः उठले.